हिरा, तू ऑपरेशनने गेली नाहीस

प्रिय हिरा,

सातवीत आपली सहल आरे कॉलनीत गेली होती. गोठे बघून झाले, सुगंधी दूध पिऊन झालं, आणि रिकाम्या बाटल्या परत करायच्या रांगेत आपण दोघी मागे राहिलो. तेवढ्यात बस सुटली. मी पॉलिश केलेले बूट सांभाळत बसमागे धावत होते आणि हळू आवाजात "एक्सक्यूज मी, एक्सक्यूज मी" म्हणत होते. कुणाला म्हणत होते? धुराला बहुतेक. तू जागेवरून हललीही नाहीस. कमरेवर हात ठेवलास आणि अशी एक हाक मारलीस की बस थांबली, शिवाय गोठ्यातल्या म्हशींनीही माना वळवल्या.

बसमध्ये चढल्यावर सिस्टरनी झापलं ते तुला. आपल्या शाळेच्या मुली अशा ओरडत नाहीत म्हणे. अंधेरी येईपर्यंत तुला उभं ठेवलं. मी खिडकीजवळ बसून आले. उतरताना तू म्हणालीस, "मी ओरडले नसते ना, तर तू आज तिथेच शेण काढत बसली असतीस." वर खदाखदा हसलीस. राग धरणं तुला कधी जमलंच नाही. मला जमतं. म्हणून हे पत्र बरंचसं रागाचं आहे, आधीच सांगून ठेवते.

आज लिहायचं कारण एवढंच, की काल प्रणाली येऊन गेली.

तुझी लेक बत्तीस वर्षांची झाली, हिरा. ऑफिस सुटल्यावर थेट माझ्याकडे आली, पंख्याखालची खुर्ची ओढून घेतली आणि तरी ओढणीने वारा घेत राहिली. मी चहा दिला. तिच्या हातात बशी वाजायला लागली. तिने ती घाईने खाली ठेवली आणि मी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं. पण काय बघायचं ते बघून झालं होतं. तेच हात, तसेच मोठे झालेले डोळे, गळ्याशी तसाच फुगवटा.

चार महिने झाले म्हणाली. गोळ्या सुरू केल्या तर कावीळ झाली, डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. आता त्याच सर्जनबाईंनी, ज्यांनी तुझं ऑपरेशन केलं त्यांनीच, तिला सांगितलंय की तब्येत ताब्यात आहे तोवर ही ग्रंथी काढून टाकू. तारीखही दिली आहे, पंधरा दिवसांनंतरची.

"पण घरी सगळे नाही म्हणतात, मावशी. बाबा तर बोलतच नाहीत. आत्या बोलते, तुझ्या आईला कापलं आणि ती गेली, आता तुला पण घालवायची का? तू होतीस ना तिथे? खरं सांग. आई ऑपरेशननेच गेली ना?"

हिरा, मी तिला काय उत्तर दिलं असेल? मी म्हणाले, "चहा निवतोय गं."

ती चहा न पिता गेली. जाताना दारात म्हणाली, "मी तारीख कॅन्सल करते मग. बाबांना अजून एक टेन्शन नको."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी उठून हा कागद घेतला.

दहा महिने मी ऐकते आहे. तुझ्या दहाव्याला ऐकलं, तेराव्याला ऐकलं, मासळी बाजारात तुझ्या रिकाम्या जागेपाशी उभी राहिले तेव्हा ऐकलं. "चांगली घरी आली होती हो. हिंडत-फिरत होती. परत नेली, गळा चिरला आणि संपली." जो तो हेच सांगतो आणि सांगताना मान हलवतो. सगळ्या वेसावे गावाला तुझ्या मरणाची ही एकच गोष्ट पाठ झाली आहे. ती खोटी आहे हे तिथे माहीत असलेलं एकच माणूस आहे. ते तेराव्याच्या जेवणात गप्प बसून भजी खात होतं.

म्हणून आज सगळं पहिल्यापासून मांडते. तुला माहीत असलेलंही लिहिते, कारण शेवटी शेवटी तुला काय कळत होतं आणि काय नाही, ते मला ठाऊक नाही.

सुरुवात तुझ्या कोयत्यापासून झाली. तुझे ते नेहमीचे पोस्टमास्तर म्हणाले होते, "हिराबाय, सुरमईचा एक तुकडा जाडा, एक पातळ? आधी पट्टी लावल्यासारखी कापायचीस." तू म्हणालीस, "आज पट्टी घरी राहिली." सगळे हसले. तुझा हात थरथरत होता हे कुणी बघितलं? मग तू वाळायला लागलीस. जेवण दुप्पट आणि अंगावर काही नाही. डोळे बाहेर आल्यासारखे दिसायला लागले, तर गिऱ्हाइकं म्हणायची, "भाव नको कमी करू, पण असे डोळे तरी वटारू नको." तू त्यावरही हसायचीस. मी तुला ओढत दवाखान्यात नेलं तेव्हा तुझी नाडी मोजून डॉक्टरांनी परत एकदा मोजली.

गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा कितीतरी जास्त काम करते आहे, असं निघालं. तुझ्या घरी हे सांगितलं, तर तुझी नणंद काशीबाय पदर खोचून उभी राहिली.

"थायरॉइड? आपल्याला? अगं, तो डोंगरातल्या लोकांना होतो. त्यांना मीठ-मासळी मिळत नाय, आयोडीन मिळत नाय. दर्याच्या माणसाला कसला थायरॉइड? रिपोर्ट बदलला असंल कुणाचा तरी."

मी मनातल्या मनात तिला हसले. खरं तर हसायचा मला काय अधिकार होता? आठवीच्या विज्ञानाच्या तासाला आपल्याला हेच शिकवलं होतं. सिस्टरनी फळ्यावर गळा काढला, त्याला गाठ काढली आणि म्हणाल्या, समुद्राकाठची माणसं नशीबवान. वर्गातल्या सगळ्या मुली तुझ्याकडे बघायला लागल्या आणि तू मान वाकवून आभार मानलेस. ह्या दुखण्याची उलटी बाजूही असते, ग्रंथी उपाशी राहत नाही तर बेलगाम सुटते, आणि त्याचा मासळी खाण्या-न खाण्याशी काही संबंध नसतो, हे ना सिस्टरना शिकवावंसं वाटलं, ना आपण कधी विचारलं. काशीबाय शाळेत गेली नाही. मी गेले, आणि पन्नास वर्षं तेच डोक्यात घेऊन बसले.

मग गोळ्या सुरू झाल्या. त्या कागदावर इंग्रजीत छापलेलं मी तुला दोनदा वाचून दाखवलं होतं: ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी त्याच दिवशी बंद, आणि लगेच रक्त तपासायचं. क्वचित कुणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी ह्या गोळीने संपतात. तू "हो हो" म्हणालीस.

आणि दीड महिन्याने घसा दुखला तेव्हा तू काय केलंस, हिरे? हळद-दूध प्यायलीस. पाच दिवस. मला एक फोन नाही. नंतर विचारलं तर म्हणालीस, "बाजारात बसून कोणाचा घसा दुखत नाय गं? आमचा रोजच दुखतो." चाळीस वर्षं ज्या गळ्याने पापलेटं विकली, तो दुखला म्हणून दवाखान्यात धावणारी तू नव्हतीस. पण मला एक फोन करायला काय झालं होतं?

सहाव्या दिवशी तुझ्या नवऱ्याने, नारायणने, तुला रिक्षात घालून आणलं. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तू तापाने फणफणली होतीस, छातीत नुसती धडधड, आणि कॅज्युअल्टीमध्ये तू भाव सांगत होतीस. मोठमोठ्याने. "बघ ताजं बघ, पापलेटाची कानं उघडून बघ." शेजारच्या खाटेवरचा म्हातारा घाबरून उठून बसला होता. मला तू ओळखलं नाहीस. माझ्या हाताला धरून म्हणालीस, "ताई, घ्यायचं नसेल तर पुढे व्हा."

त्या सर्जनबाई तिथे पहिल्यांदा दिसल्या. केरळच्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या, अंगाने बारीक. मराठी अजिबात नाही, हिंदी तोडकंमोडकं. नारायण मला म्हणाला, "सुलभाताई, तुम्ही बोला त्यांच्याशी. तुमचं इंग्लिश आहे." आणि तेव्हापासून तुमच्या घराचे कान मी झाले.

त्यांनी सांगितलं ते असं. तुझी ग्रंथी आता वादळासारखी उसळली आहे. ती आवरायच्या नेहमीच्या गोळ्यांनीच तुझ्या पांढऱ्या पेशी मारल्या, म्हणून त्या गोळ्या आता जन्मात कधी द्यायच्या नाहीत. बाकी औषधांनी हृदयाचे ठोके खाली आणायचे, पेशी वाढायची इंजेक्शनं द्यायची आणि आयोडीनचे तपकिरी थेंब पाजायचे. तेवढ्यात ग्रंथी काढून टाकायची. ह्यात दुसरा मार्ग नाही.

पाच दिवसांत तू उतरलीस. सहाव्या दिवशी सकाळी तू चहा मागितलास आणि काशीबायने तुझे केस विंचरले. नारायण बाहेर जाऊन रडून आला आणि तोंड धुऊन आत येऊन "काय मग, किती दिवस झोपायचंय?" असं म्हणाला. किती बरं वाटलं होतं आम्हाला. हिरा, त्या बरं वाटण्यानेच तुला मारलं. ऑपरेशनने नाही.

आता पुढचं सांगायचं मी दहा महिने टाळलं. पण लिहिते.

सर्जनबाई आल्या. तुझे रिपोर्ट बघितले, खूश झाल्या. मला बाजूला न घेता, तुम्हा सगळ्यांसमोर, माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाल्या. त्यांचं वाक्यन्‌वाक्य मला पाठ आहे. मराठीत ते असं होतं:

"परवा ऑपरेशन करू. ह्या थेंबांनी ग्रंथी बरी होत नाही, ती फक्त गप्प बसते. आठ-दहा दिवस. तेवढ्यात काढली नाही तर ती पुन्हा उठेल, आणि तेव्हा तिच्या पोटात हे थेंबांतलं आयोडीनही भरलेलं असेल. त्या वेळी बहुतेक आपण ह्यांना वाचवू शकणार नाही. हे त्यांना असंच्या असं सांगा."

असंच्या असं. त्या दोनदा म्हणाल्या.

मी तुझ्याकडे बघितलं. तू केस विंचरून, कपाळाला टिकली लावून, उशीला टेकून बसली होतीस. नारायणच्या डोळ्यांच्या कडा अजून लाल होत्या. अशा माणसांच्या तोंडावर "वाचवू शकणार नाही" कसं म्हणायचं? आपल्याला शाळेत काय शिकवलं होतं? वाईट गोष्ट सांगायची झाली तर सौम्यपणे सांगावी. मी सौम्यपणे सांगितली.

मी म्हणाले, "डॉक्टरांचं म्हणणं आहे, परवा ऑपरेशन करून घेतलेलं बरं. थेंबांचा परिणाम काही कायम टिकत नाही."

एवढंच. तेवढ्या सगळ्याचं मी एवढंच केलं.

काशीबायने विचारलं, "टिकत नाय म्हणजे? महिनाभर तर चालंल?"

ह्याला उत्तर होतं. आठ-दहा दिवस, त्यातले पाच उलटून गेलेले. मी म्हणाले, "तसं नक्की सांगता येत नाही." का म्हणाले, हिरा? मला नक्की सांगता येत होतं. नुकतंच माझ्या कानाने ऐकलं होतं.

आणि त्यानंतरची गंमत ऐक. गंमत कसली, पण तू असतीस तर हाच शब्द वापरला असतास. सर्जनबाई पुढे म्हणाल्या, आवाजाची नस त्या ग्रंथीला लागूनच जाते. फार थोड्या लोकांचा आवाज घोगरा होतो, तोही बहुधा काही दिवसच. मी जपून करीन. हे मात्र मी शब्दन्‌शब्द सांगितलं. नस, घोगरेपणा, सगळं. मोठी गोष्ट अर्धी सांगितली आणि लहान गोष्ट पुरती सांगितली. तुझा चेहरा तिथेच उतरला.

"म्हणजे मला ओरडता येणार नाय?"

"थोडे दिवस, झालंच तर."

"बाजारात काय मुकी बसू?"

मग काशीबायच बोलली. "बघ हिरा, मी काय सांगते. पाच दिवसांत कशाने उतार पडला? आयोडीनने. मी पहिल्या दिवसापासून बोलते, तुझ्यात तेच कमी पडलं होतं. आपल्या घरी आख्खा दर्या हाय. इथे गळा चिरून घ्यायचा, आवाज घालवायचा आणि वर जन्मभर गोळी खायची? थेंबाची बाटली घेऊ आणि घरी जाऊ. मी करते तुला बरी."

नारायण तुझ्याकडे बघत राहिला. तू म्हणालीस, "चल घरी."

तूच म्हणालीस, हिरे. कुणी तुझा हात धरून वदवून घेतलं नाही. ह्याचा मला तुझ्यावर अजून राग आहे. सगळ्या बाजाराला हिसका दाखवणारी बाई, तू मला एकदा दरडावून विचारायचं होतंस की सुले, डॉक्टर एवढा वेळ बोलली आणि तू दोन वाक्यांत कसं संपवलंस? तुला तेवढं इंग्रजी नक्की कळत होतं. आठवीपर्यंत माझ्या शेजारच्या बाकावर होतीस. की माझ्यावर विश्वास होता म्हणून नाही विचारलंस? मग तर मला आणखीच राग येतो.

सर्जनबाईंनी खूप समजावलं, तोडक्या हिंदीत, हातवारे करून. काशीबाय म्हणाली, "ह्यांना काय, कापायलाच बसलेत." शेवटी घरी नेण्याचा कागद आला. डॉक्टरांचा सल्ला न मानता नेत आहोत, असा तो कागद असतो. नारायणने सही केली. खाली लिहिलं होतं, की जिवाला असलेला धोका नातेवाइकांना रुग्णाच्या मैत्रिणीमार्फत समजावून सांगितला आहे. त्याखाली माझी सही. माझं ते वळणदार अक्षर, ज्याला शाळेत बक्षीस मिळायचं. फाइल माझ्याकडेच राहिली, कारण ती सगळी इंग्रजीत होती.

घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुला बघायला आले. तू पडवीत बसली होतीस, अंगावर हिरवं लुगडं, छान दिसत होतीस. काशीबाय सकाळ-संध्याकाळ मोजून थेंब देत होती, आणि जेवणात तिसऱ्या शिंपल्या, जवळा, कोलंबी. तिने मनापासून केलं सगळं, हेही लिहिलंच पाहिजे. ती सकाळी खाडीवर जाऊन ताज्या तिसऱ्या आणायची. माझ्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, "काय मग कॉन्व्हेंटवाली, हाय ना दर्यात दम?"

मी हाताच्या बोटांवर मोजलं. थेंब सुरू होऊन आठ दिवस झाले होते. हिरा, मी मोजलं, आणि तिसऱ्यांचं कालवण जेवून घरी आले.

त्या दिवशी मला हे सुचायला हवं होतं: चुलीत एकदम ओली लाकडं कोंबली की जाळ दबतो. धूर होतो, वाटतं विझली. पण लाकडं वाळतात, आणि मग तीच पेटतात. काशीबायला हे एका क्षणात कळलं असतं. तिने जन्मभर चूल पेटवली आहे. पण मला हे सुचलं ते तू गेल्यावर, काही उपयोग नसताना.

घरी गेल्याच्या सातव्या दिवशी दुपारी तुला परत हॉस्पिटलात आणलं. ह्या वेळी तू भावही सांगत नव्हतीस. नाडी बोटाखाली सापडतच नव्हती, नुसती फडफड. सर्जनबाईंनी कुणाला एका शब्दाने दोष दिला नाही. बर्फ, औषधं, यंत्राने रक्त धुणं, सगळं केलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, दुसरं काही हातात उरलं नाही तेव्हा, तुला आत घेतलं. म्हणाल्या, आता ऑपरेशनमध्येही धोका आहे, पण न करण्यात मरणच आहे. हे त्यांनी मला सांगितलं नाही. वॉर्डातल्या एका मराठी नर्सला बोलावून तिच्याकडून थेट नारायणला सांगवलं. मी बाजूला उभी होते. मला वाटतं, त्यांच्या लक्षात आलं होतं.

तीन तास लागले. ग्रंथी पूर्ण निघाली. आवाजाच्या दोन्ही नसा शाबूत राहिल्या. संध्याकाळी तू डोळे उघडलेस आणि "पाणी" म्हणालीस. अगदी स्वच्छ, तुझ्याच आवाजात. नारायणने मला दंडाला धरून विचारलं, "ऐकलंत?" आवाज गेला नव्हता, हिरा. ज्याच्या भीतीने तू घरी गेलीस, ते झालंच नाही.

पण तुझं हृदय त्या आधीच्या दोन दिवसांत फाटेपर्यंत धावलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते थांबलं.

बाहेर आरडाओरडा झाला. काशीबाय सर्जनबाईंच्या अंगावर धावून गेली. "घरी हसत होती माझी हिरा, तुम्ही गळा कापला." त्या बाई भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. त्यांना शब्द कळत नव्हते, अर्थ कळत होता. सगळे पांगल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच विचारलं, "तुम्ही त्यांना सांगितलं होतं ना? दहा दिवसांचं?"

मी म्हणाले, "येस, डॉक्टर."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही. आयुष्यात मी बाकी लहानसहान खोटं बोलले असेन, पण एवढं मोठं एकच, आणि ते एका अशा बाईशी, जिने तुझ्यासाठी जिवाचं रान केलं. त्या बाईला तुमच्या आळीत आजही खाटीक म्हणतात. मी ते ऐकते आणि साडी नीट करते.

नारायणवर मी दहा महिने मनात चिडले आहे. बायकोच्या जिवाचा प्रश्न, आणि हा गप्प. काशीबायवर तर किती चिडले. अडाणी, हट्टी, सगळं मनात म्हणून झालं. पण त्या दोघांनी जे ठरवलं ते माझ्या दोन वाक्यांवरून ठरवलं. "बरं" असं ऐकलं तर माणूस काय करणार? "मरेल" असं ऐकलं असतं तर नारायणने तुला खांद्यावर टाकून आत नेलं असतं. काशीबायने स्वतः ऑपरेशनच्या खोलीचं दार लावून घेतलं असतं. मला तिची खात्री आहे. तिला अर्धं सांगणारी मी, आणि अडाणी ती?

"तिचं आयुष्यच तेवढं होतं" म्हणणाऱ्यांचाही मला संताप येतो. तेवढं नव्हतं. सर्जनबाई म्हणाल्या त्या परवाच्या दिवशी, सकाळच्या पाळीत, शांत पडलेल्या हृदयाने तू आत गेली असतीस, तर आठवड्याने घरी आली असतीस. रोज एक छोटी गोळी घेतली असतीस, गळ्याशी एक बारीक रेघ राहिली असती आणि तिच्यावर तू काहीतरी अचकट-विचकट बोलली असतीस.

आता तीच तारीख प्रणालीसमोर आहे. ती आज बरी आहे, हृदय धड आहे, सर्जन तीच आहे, वेळ हातात आहे. तुझ्याकडे दोन दिवस होते, तिच्याकडे पंधरा आहेत. आणि ती हे सगळं नाकारते आहे, कारण तिला सांगितलंय की आई ऑपरेशनने गेली. मी एकदा गप्प बसले तर तू गेलीस. काल परत गप्प बसले. तुझ्या लेकीसमोर, तिच्या हातातली बशी वाजत असताना.

पत्र लिहायला घेण्याआधी मी तिला फोन केला. म्हटलं, "तारीख कॅन्सल केलीस?" म्हणाली, "सोमवारी करणार आहे." म्हटलं, "करू नको. उद्या मी घरी येते. बाबा आणि आत्या दोघांना घरात थांबायला सांग." बोटी सध्या किनाऱ्याला लागल्या आहेत, त्यामुळे नारायण असेलच. ती म्हणाली, "काय झालं, मावशी? तुझा आवाज असा का येतोय?" मी सांगितलं, उद्या कळेल.

उद्या मी सांगणार आहे. सर्जनबाईंचं वाक्य, असंच्या असं. आठ-दहा दिवस, आणि नंतर वाचवू शकणार नाही. मग मी तेव्हा काय सांगितलं तेही. काशीबाय मला घराबाहेर काढेल. नारायण कदाचित पुन्हा कधी "सुलभाताई" म्हणणार नाही. प्रणाली माझ्याकडे कशी बघेल ह्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण मला मूल नाही, आणि तीच एक मला मावशी म्हणते. पण तिने मला मावशी म्हणणं सोडलं तरी चालेल. ती राहायला हवी.

एवढं वचन तुला देते. ती तारखेला आत जाईल, आणि तोवर तिच्या डॉक्टरांचा एकही शब्द तिच्या घरी अर्धा पोचणार नाही. मला बोलावलं तर मी सांगीन. नाही बोलावलं तर मराठी येणारी नर्स मी शोधून दिलेली असेल.

आता तुझ्या वस्तूंचं. वर्षश्राद्धाच्या आधी कपाट आवरायचं म्हणून प्रणालीने मला विचारलं होतं, कुणाला काय द्यायचं. तू काही सांगून गेली नाहीस, म्हणून मी ठरवते.

जरीचं लुगडं काशीबायला. ते तिनेच तुझ्यासाठी निवडलं होतं.

कोयता आणि पाट नारायणकडेच राहू दे. विकू देऊ नये.

पायातल्या चांदीच्या मासोळ्या प्रणालीला, पण ऑपरेशन होऊन घरी आल्यावर.

हॉस्पिटलची फाइल प्रणालीला उद्याच. सगळ्यात वर तो सहीचा कागद ठेवला आहे. आतल्या प्रत्येक पानाला मी मराठीत लिहून दुसरं पान जोडलं आहे, म्हणजे कुणाला विचारायला नको.

ह्या पत्राच्या दोन प्रती हाताने काढणार आहे. एक नारायणला. एक सर्जनबाईंना; त्यांना मराठी येत नाही, म्हणून ती मी इंग्रजीत काढणार आहे, आणि "येस, डॉक्टर" हे शब्द त्यात तसेच असतील.

काशीबायला वाचता येत नाही. तिच्या वाट्याचं पत्र मी तिच्यासमोर बसून वाचणार आहे, काहीही न गाळता.

तुझी,
सुलभा